दयाही शिकावी लागते
(‘कोब्रा काय’ या मालिकेच्या निमित्ताने एक अभ्यास)



युवक-युवतींच्या सभेनंतर गप्पा मारताना मुले आम्हांला विचारतात, “फादर, ‘कोब्रा काय’ पाहिली का?” पहिल्यांदा हे नाव कानावर आले तेव्हा आम्हीही “कोब्रा काय म्हणजे काय?” असे विचारून सर्वांना हसवले होते. पुढे ती मालिका पाहिली. मुलांना जी केवळ मारामारी वाटते, तिच्यात आई-वडिलांनी आणि शिक्षकांनी थांबून विचार करावा असे पुष्कळ काही आहे, हे तेव्हा आमच्या लक्षात आले. म्हणून या रविवारी हा विषय घेत आहोत. ज्यांना मालिका अजून पाहायची आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की पुढे शेवटापर्यंतच्या घटनांचा उल्लेख येणार आहे.

१. मूळ कथा

१९८४ साली ‘द कराटे किड’ हा अमेरिकन चित्रपट आला. दिग्दर्शक होते जॉन अ‍ॅव्हिल्डसन आणि कथा होती रॉबर्ट मार्क केमन यांची. डॅनियल लारूसो हा मुलगा आईबरोबर न्यू जर्सीहून लॉस एंजेलिसला राहायला येतो. तेथे जॉनी लॉरेन्स आणि त्याचे सोबती त्याला छळतात. ही मुले ‘कोब्रा काय’ नावाच्या कराटे शाळेतील. तिचा गुरू जॉन क्रीस हा व्हिएतनाम युद्धातून आलेला सैनिक. पहिला वार आपण करावा, घाव जोरात घालावा आणि शत्रूला दया दाखवू नये, ही त्याची शिकवण.

डॅनियलला वाचवतात ते त्याच्या इमारतीची देखभाल करणारे वृद्ध मियागी. ते मूळचे ओकिनावा बेटावरचे. ते त्याला कराटे शिकवायचे कबूल करतात, पण गाड्यांना पॉलिश करायला, लाकडी फरशी घासायला आणि कुंपण रंगवायला लावतात. मुलगा वैतागतो. मग कळते की त्या कामांच्या हालचालींतूनच त्याचे हात वार अडवायला शिकले आहेत. शेवटी स्पर्धेत पायाला दुखापत झालेली असतानाही डॅनियल जॉनीच्या तोंडावर लाथ मारून जिंकतो. टाळ्या होतात आणि चित्रपट संपतो.

या कथेमागे लेखकाचा स्वतःचा अनुभव होता. केमन सतरा वर्षांचे असताना गुंड मुलांनी त्यांना मारले. म्हणून ते युद्धकला शिकू लागले. पण पहिला शिक्षक सूड आणि हिंसा शिकवणारा निघाला. तेव्हा त्यांनी त्याला सोडून ओकिनावाची गोजू-र्यू ही पद्धत धरली. चित्रपटातील दोन गुरू आधी लेखकाच्या आयुष्यात येऊन गेले होते.

मियागींची भूमिका करणारे पॅट मोरिटा यांना त्या कामासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. बालपणी मणक्याच्या क्षयामुळे त्यांची अनेक वर्षे रुग्णालयात गेली होती. बरे होऊन बाहेर पडताच, दुसऱ्या महायुद्धामुळे, अमेरिकेतील इतर जपानी वंशाच्या लोकांप्रमाणे त्यांनाही छावणीत ठेवण्यात आले. पडद्यावरचे मियागीही असेच दुःख मनात घेऊन जगतात. ते अमेरिकेच्या सैन्यात लढत असताना त्यांची पत्नी आणि नवजात बाळ छावणीत मरण पावतात. म्हणजे सूड घ्यायला कारण हवे असेल, तर ते क्रीसपेक्षा मियागींजवळ अधिक होते. तरीही त्यांनी ती वाट धरली नाही.

२. चौतीस वर्षांनंतर

चित्रपटाचे आणखी भाग १९८६, १९८९ व १९९४ साली आले. मोरिटा २००५ साली वारले. मग २ मे २०१८ रोजी ‘कोब्रा काय’ ही मालिका यूट्यूबच्या सशुल्क सेवेवर सुरू झाली. २०२० पासून ती नेटफ्लिक्सवर आली आणि १३ फेब्रुवारी २०२५ रोजी सहाव्या पर्वाने संपली. एकूण ६५ भाग झाले. डॅनियल आणि जॉनी यांच्या भूमिका त्याच नटांनी, राल्फ माचिओ व विल्यम झॅब्का यांनी केल्या. क्रीसच्या भूमिकेतही पूर्वीचेच मार्टिन कोव्ह आहेत.

आता डॅनियल मोटारींचा श्रीमंत विक्रेता आहे. जॉनी किरकोळ कामे करतो, दारू पितो, मुलाशी त्याचा संबंध तुटला आहे. एके रात्री शेजारच्या मिगेल नावाच्या मुलाला काही जण मारत असताना तो मध्ये पडतो. त्यातून तो जुनी शाळा पुन्हा उघडतो आणि जुने वैरही पुन्हा उघडते.

३. एक घटना, दोन साक्षी

मालिकेतील एक प्रसंग आम्हांला फार उद्बोधक वाटला. जॉनी आपल्या शिष्याला १९८४ ची हकिकत सांगतो. त्याच्या सांगण्यात खलनायक डॅनियल आहे! बाहेरून आलेला मुलगा आपल्या मैत्रिणीच्या मागे लागला. समुद्रकिनाऱ्यावर त्याने आपल्याला ठोसा मारला. शाळेच्या कार्यक्रमात आपल्यावर पाणी सोडले. स्पर्धेतली शेवटची लाथही नियमबाह्यच होती.

गंमत अशी की यातील बहुतेक गोष्टी मूळ चित्रपटात खरोखर घडतात. जॉनी खोटे फारसे बोलत नाही. तो फक्त आपल्या टोळीने मिळून त्या एकट्या मुलाला केलेली मारहाण गाळतो. डॅनियलही आपल्या खोड्या गाळतो. सत्याचा अर्धा तुकडा जवळ बाळगून दोघे चौतीस वर्षे जगले आहेत.

आपल्या तक्रारीच्या खटल्यात फिर्यादी आपण, साक्षीदार आपण आणि न्यायाधीशही आपणच असतो. असा निकाल आपल्याविरुद्ध कधीच लागत नाही. म्हणून समेटाची पहिली पायरी मिठी मारणे ही नाही. दुसऱ्याच्या तोंडून पूर्ण हकिकत ऐकून घेणे ही आहे.

४. दुखावलेली मुले

जॉनीकडे येणारी मुले दांडगट नसतात. ती चिडवली गेलेली, एकटी पडलेली मुले आहेत. ईलाय नावाच्या मुलाला ओठावरच्या व्रणामुळे सगळे हिणवतात. कराटे शिकून तो ताठ होतो, केसांचा तुरा रंगवतो, ‘हॉक’ म्हणजे ससाणा हे नाव घेतो. येथवर आपल्याला आनंदच होतो. पण पुढे हाच हॉक आपल्या जिवलग मित्राचा, डिमिट्रीचा हात मोडतो.

यात दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. भित्र्या मुलांना जॉनीने धीर दिला हे खरे आहे, ते नाकारू नये. अ‍ॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने सांगितले आहे की धैर्य हे भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये असते. त्याचे आणखी एक म्हणणे असे की माणूस न्यायाची कृत्ये करत करत न्यायी होतो आणि शौर्याची कृत्ये करत करत शूर होतो. सद्गुण हा ऐकून येत नाही, सवयीने येतो. मियागी गाड्या पुसायला लावतात त्यातले मर्म हेच. पण हाच नियम दुसऱ्या बाजूनेही चालतो. रोज ‘दया नको’ असे ओरडत सराव करणारा हातही शेवटी तेच शिकतो.

पहिल्या पर्वाच्या शेवटी मिगेल आणि रॉबी अंतिम सामन्यात समोरासमोर येतात. रॉबी हा जॉनीचाच मुलगा, पण शिकलेला डॅनियलकडे. रॉबीचा खांदा दुखावलेला आहे. जॉनी आपल्या शिष्याला नीट खेळायला सांगतो, तरी मिगेल त्याच खांद्यावर वार करून जिंकतो. शिष्याच्या हाती करंडक आहे आणि गुरूच्या मनात लाज आहे, कारण शिष्य त्याने शिकवले तेच करत आहे. पालकहो, आपण रागाच्या भरात घरात जे बोलतो, ते मुले एक दिवस आपल्यासमोर करून दाखवतात.

५. दया केली आणि तोच पडला

आता मुलांचा खरा प्रश्न. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी शाळेत मोठी मारामारी होते. मिगेल रॉबीला जमिनीवर दाबून धरतो आणि मग जॉनीचा नवा धडा आठवून त्याला सोडतो. त्याच क्षणी रॉबी त्याला लाथ मारतो. मिगेल कठड्यावरून खाली कोसळतो, त्याचा मणका दुखावतो, तो बेशुद्ध होतो. एका मुलाने आम्हांला विचारले, “फादर, मग दया करून मिळाले काय?”

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. दयेचे फळ लगेच मिळते असे आम्ही सांगितले, तर ते खोटे ठरेल. क्रूसाखाली उभे राहणाऱ्या आपल्याला तरी हे वेगळे सांगायला नको. दया हा सौदा नाही.

पण पुढचे पाहावे. लाथ मारणारा रॉबी जिंकला का? तो बालसुधारगृहात गेला आणि बाहेर आल्यावर क्रीसच्या हाती लागला. मिगेलने मात्र गुरूच्या मदतीने एकेक पाऊल टाकत पुन्हा चालायला सुरुवात केली. पुढे पाचव्या पर्वात हे दोघे समेट करतात आणि एका कुटुंबातले होतात. मिगेलने तेव्हा रॉबीचा हात मोडला असता, तर या समेटाला जागा उरली असती का? दयेने मिगेलचे शरीर वाचले नाही, पण परतीची वाट मोकळी राहिली.

दया म्हणजे डोळे मिटून घेणेही नव्हे. संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांच्या मते दया न्यायाला रद्द करत नाही, ती त्याला पूर्णत्व देते. १९८६ च्या चित्रपटात याचे चांगले उदाहरण आहे. हरलेल्या जॉनीचा गळा क्रीस रागाने आवळतो. मियागी मध्ये पडून जॉनीला सोडवतात, हा न्याय. क्रीस गुडघ्यांवर येतो, मियागी वार करायला हात उगारतात आणि नुसते त्याचे नाक चिमटीत धरून सोडून देतात, ही दया. अन्याय थांबला, पण कोणाचे हाड मोडले नाही.

६. बदलायला उशीर होत नाही

१९८६ च्या चित्रपटातील चोझेन हा डॅनियलच्या जिवावर उठला होता. मालिकेत तो त्याचा विश्वासू मित्र होतो. शेवटच्या पर्वात क्रीससुद्धा रडत जॉनीची क्षमा मागतो आणि पुढे त्याच्याविरुद्धचा कट मोडताना स्वतः मरतो. त्याच्या मरणातही हिंसा आहेच, म्हणून त्याला संत ठरवण्याची घाई नको. पण क्षमा मागण्याचे ते चार शब्द जॉनीला आयुष्यभर हवे होते. दुसरीकडे डॅनियलला मियागींच्या जुन्या पेटीतून त्यांच्या तरुणपणच्या हिंसेच्या खुणा सापडतात आणि तो हादरतो. चांगला गुरूही चुकांतून शिकलेला माणूसच असतो, हे त्याला उशिरा पटते.

पालकांसाठी सूचना

या मालिकेत शिवीगाळ आहे, दारू आहे, मारामारी तर पुष्कळ आहे. लहान मुलांना ती एकट्याने पाहू देऊ नये. मोठ्या मुलांबरोबर बसून पाहावी आणि नंतर बोलावे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या एखाद्या जुन्या भांडणाची हकिकत सांगताना मी कोणती गोष्ट नेहमी गाळतो?
२. माझ्या मुलाला कोणी छळत असेल, तर तो मला सांगेल का? माझा मुलगा कोणाला छळत असेल, तर मला कळेल का?
३. ज्याची क्षमा मागायची राहून गेली आहे, अशी एक व्यक्ती कोण? या आठवड्यात तिच्या घरी जाता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणाला सांगायची गरज नाही. मात्र पुढच्या रविवारी शांतीची खूण देताना तो हात मोकळ्या मनाने पुढे यावा, एवढीच आमची इच्छा आहे.

आपले धर्मगुरू