माडी, पोय आणि चाळणीनलिका

प्रश्न : माडी काढणारा माणूस माडाच्या पोयीचा शेंडा रोज पुनःपुन्हा का तासतो? एकदाच मोठा छेद घेतल्यास चालणार नाही काय?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : चालणार नाही. पोयीतून, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यातून, मडक्यात ठिबकणारा रस हा मुळांनी शोषलेले निव्वळ पाणी नसून, पानांनी सिद्ध केलेली साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिनीतील ऐवज असतो, आणि त्या वाहिनीची घडण मोठी विलक्षण आहे. एकापुढे एक रचलेल्या लांबट, जिवंत पेशी आणि त्यांच्यामधील भिंतींना सूक्ष्म छिद्रे, म्हणून तिला चाळणीनलिका म्हणतात. जर्मन वनशास्त्रज्ञ टेओडोर हार्टिग याने 1837 साली तिचे प्रथम वर्णन केले. प्रवाहाची वाट मोकळी राहावी म्हणून ही पेशी प्रौढ होताना आपले केंद्रक गमावते व कारभार शेजारच्या सहपेशीवर सोपवते; गादीवर धनी नामधारी आणि मुखत्यारी दिवाणाची, असाच हा प्रकार. माडाचे खोड वर्षागणिक नव्या रसवाहिन्या घडवीत नसल्याने त्याच्या बुंध्यातील या केंद्रकहीन पेशी कित्येक दशके राबतात, याचे मला अद्यापि नवल वाटते.

साखरेच्या संचयाने नलिकेत दाब असतो, त्यामुळे ठोकून, बांधून तयार केलेल्या पोयीचा शेंडा कापला की रस बाहेर ढकलला जातो. परंतु प्रथिनांचे तंतू आणि कॅलोज नावाची बहुशर्करा छिद्रांत साचून ती हळूहळू बुजवतात. कोयत्याने काढलेला कागदाइतका पातळ काप एवढाच बुजलेला थर दूर करतो. मोठ्या छेदाने रस अधिक काळ वाहणार नाही, पोय मात्र लवकर संपेल.