जिताडा बालाघाटात?

वारासिवनीकडच्या आमच्या तळ्यांवर नवी पोरं येतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, "काका, समुद्राचा मासा इथं होईल का?" त्यांना मी सांगतो ते असं.

१. भाव नंतर बघा, आधी बीज कुठून मिळेल ते बघा. पापलेट कितीही महाग असो, त्याची बोटुकली कुणी विकत देत नाही, विषय संपला. जिताड्याचं बंदिस्त प्रजनन चेन्नईच्या 'सीबा' संस्थेनं १९९७ साली जमवलं, कोबियाचं 'सीएमएफआरआय' या संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रानं २०१० साली. त्यानंतरच हे मासे शेतीच्या हिशोबात आले. कोबिया मात्र भर समुद्रातल्या पिंजऱ्याचा मासा. आपण तो सोडलेला बरा.

२. जिताडा गोड्या पाण्यातही वाढतो, फक्त अंडी घालायला खाऱ्याकडे जातो. रायगडात लोक तो घराजवळच्या तळ्यांत वाढवतात. म्हणजे वैनगंगेचं पाणी अडचण नाही. अडचण पौष-माघाची. पाणी वीस अंशांच्या खाली उतरलं की त्याची भूक मरते, आणि आमच्याकडं उथळ तळी थंडीत गारठतात. दाट साठवणुकीत मासा खात नसला तरी एअरेटरचं वीजबिल आणि राखणदाराचा पगार थांबत नाही. हा हिशोब पोरांना कागदावर करून दाखवला की निम्मी परत जातात.

३. लहान जिताडे एकमेकांना गिळतात. दर काही दिवसांनी आकारानुसार वेगळे करा, नाहीतर मोठे चार उरतील. तळ्यात वाढणाऱ्या पंगास माशाला ही झंझट नाही. तो वरची हवाही घेतो, म्हणून गर्दी सोसतो. थंडी मात्र त्यालाही सोसत नाही.

४. खाद्य. चिन्नोर तांदळाच्या या जिल्ह्यात कोंडा आणि पेंड हाताशी आहे, रोहू-कटल्याचं त्यावर भागतं. जिताड्याला चाळीस टक्क्यांवर प्रथिनांचं खाद्य लागतं, तेही बाहेरून आणायचं.

५. थाई मागूर? बंदी आहे. पुढचं बोलू नका.

एवढ्यावरही ज्याला जिताड्याची हौस आहे, त्यानं होळीनंतर मोठी बोटुकली आणावी, दाटी कमी ठेवावी आणि दिवाळीच्या सुमारास तळं रिकामं करावं. गिऱ्हाईक मात्र बोटुकली आणायच्या आधीच नागपूरला ठरवून यावं. आमच्या आठवडी बाजारात माणसं रोहूच मागतात.