शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आणि ट्रॅमाडॉलची गोळी



कापूस वेचून झाला की रखडलेले हर्नियाचे ऑपरेशन उरकून घ्यायचे, ही आपल्याकडची पद्धत. टाके सुकतात, पण दुखणे रेंगाळते, आणि ट्रॅमाडॉलच्या पट्ट्या महिनोन्‌महिने चालू राहतात. ही गोळी साधी नव्हे. ती अफूच्या कुळातली आहे; म्हणूनच २०१८ साली सरकारने ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. गुजरातेत राहणाऱ्यांना कसुंबा काय करतो हे वेगळे सांगायला नको.

मेंदूकडे जाणारी वेदनेची वर्दी ती दाबते. पहिले काही दिवस हा उपकारच. पुढे शरीर तिला सरावते आणि तेवढ्याने भागेनासे होते. शिवाय शौचास खडा होतो, कुंथावे लागते, टाक्यांवर ताण येतो. फेफरे असणाऱ्याला ती धोक्याची. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर श्वास मंदावून प्राणावर बेतते. (राज्यात दारूबंदी आहे, तरी हे लिहावे लागते.)

मग नुसते सोसायचे का? मुळीच नाही. सोसण्यातच पुण्य असे काही वडीलधारे मानतात. परंतु १९५७ साली पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना, वेदना शमवणारे औषध घेण्यास ख्रिस्ती माणसाला मुभा आहे, असे स्पष्ट केले होते. डॉक्टरांना विचारून साधी पॅरासिटामॉल वेळ बांधून घ्यावी. दुखणे चढण्याची वाट पाहू नये. ५०० मिलिग्रॅमच्या आठांहून अधिक गोळ्या दिवसात कधीच नकोत, यकृत बिघडलेल्याला त्याहूनही कमी. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. परवानगी मिळताच अंगणात चालावे, रोज थोडे वाढवावे; खाटेवर पडून राहिलेले अंग अधिकच दुखते. खताचे पोते मात्र डॉक्टर सांगेपर्यंत उचलू नये.

तीन महिन्यांनंतरही दुखत असेल, जळजळ होत असेल, मुंग्या येत असतील, तर ते बहुधा मज्जातंतूचे दुखणे. त्याची औषधे वेगळी असतात. स्वतःच्या मनाने गोळी न वाढवता सर्जनकडे परत जावे.

बरेच दिवस ट्रॅमाडॉल चालली असेल तर एकदम बंद करू नका. घाम सुटतो, जुलाब होतात, झोप उडते, आणि माणूस घाबरून पुन्हा गोळीकडे वळतो. डॉक्टर ती हळूहळू उतरवून देतात. उरलेली पट्टी शेजाऱ्याच्या कंबरदुखीसाठी देऊ नका, आणि मुलांच्या हाताला लागेल अशा फळीवर ठेवू नका.