ईअँडटीसी मिळालं म्हणून तोंड पाडून बसू नका
अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राउंडचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरात घरोघरी एकच चर्चा: कॉम्प्युटर हुकलं, ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) मिळतंय, घ्यावं का? पोराला सायबर सिक्युरिटीचं वेड असेल, तर आईवडिलांना वाटतं दारच बंद झालं. माझं मत उलट आहे. सायबर सिक्युरिटीत चिपची सुरक्षाही येते आणि तिथे इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचा हात कॉम्प्युटरवाल्याच्या आधी पोचतो.

उदाहरण घ्या एफपीजीएचं. ही चिप कारखान्यातून कोरी निघते. आतलं सर्किट आपण फाइल टाकून रचायचं, नको झालं की दुसरं. झायलिंक्सने १९८५ मध्ये ती बाजारात आणली. आज खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीतही ती आहे आणि क्लाउडवर भाड्यानेही मिळते.

बोअरची मोटर सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंद होतो. मोटर न बघताही कळतं. चिपमध्येही एक सर्किट कामाला लागलं की व्होल्टेज किंचित उतरतं आणि शेजारची गेटं मंदावतात. मग गेटांची लांब साखळी करायची, तिच्यात पल्स सोडायची आणि क्लॉकच्या एका ठोक्यात ती कुठवर गेली ते मोजायचं. झाला व्होल्टेज सेन्सर. ना प्रोब, ना ऑसिलोस्कोप. असा सेन्सर एका कोपऱ्यात बसवून, व्होल्टेजच्या चढउतारावरून त्याच चिपवरच्या दुसऱ्या सर्किटची गुप्त किल्ली काढता येते, हे जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. पहाऱ्यालाही हाच सेन्सर लागतो: कोणी मुद्दाम व्होल्टेज पाडून चिपकडून चूक करवून घेऊ लागलं, तर तो इशारा देतो.

पोराला हे झेपेल का, ते घरीच कळतं. सर्किट लिहायची भाषा व्हेरिलॉग शिकायला फुकट सिम्युलेटर आहेत, छोटा बोर्ड काही हजारांत येतो. विषम संख्येत इन्व्हर्टर गोल जोडून रिंग ऑसिलेटर करायचा, त्याचे ठोके काउंटरने मोजायचे. सर्किट रचणारं सॉफ्टवेअर आधी हे वर्तुळ निरुपयोगी समजून उडवून टाकतं; त्याला ‘राहू दे’ असं बजावावं लागतं. मग बाजूला पुष्कळ फ्लिप-फ्लॉप एकाच वेळी सतत ०-१ करायला लावायचे. आकडा घसरतो. व्होल्टेजमुळे की चिप तापल्यामुळे? या प्रश्नापायी जो जेवायचं विसरतो, त्याला खुशाल या वाटेने जाऊ द्या.

शिक्षणाची सोय गावातच आहे. १९६० चं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठाच्या आवारात नायलिट ही सरकारी संस्था आहे. पुढे सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन पुण्याच्या सी-डॅकचा व्हीएलएसआय (चिप डिझाइन) डिप्लोमा किंवा गेट देऊन एम.टेक.; हार्डवेअर सुरक्षेत आयआयटी खरगपूरचं नाव मोठं. प्रवेशाआधी मात्र लॅबमध्ये डोकावा आणि मुलांना विचारा, एफपीजीएचे बोर्ड हाताळायला मिळतात की कपाटात कुलूपबंद असतात.

आता नोकरीचं खरं सांगतो. इथल्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत हे काम शोधून सापडणं कठीण. पुणे, बंगळुरू, हैदराबाद, नोएडा गाठावं लागतं. पहिली नोकरीही सहसा चिप डिझाइन किंवा व्हेरिफिकेशनमध्येच लागते. सुरक्षेच्या जागा कमी आणि बहुधा अनुभवी किंवा एम.टेक. झालेल्यांसाठी. त्यामुळे ‘सहा महिन्यांत व्हीएलएसआय, नोकरी हमखास’ अशा जाहिरातीला भुलून कर्ज काढू नका. हाताशी असतील ते पैसे एम.टेक.साठी राखून ठेवा.