प्रौढ वयातील मुरुम : समज, गैरसमज व उपचार

मुरुमांना मराठीत 'तारुण्यपिटिका' असेही म्हणतात. या नावामुळे एक समजूत पक्की झाली आहे, की हा विकार सोळा-सतराव्या वर्षी होतो आणि विशी ओलांडली की आपोआप जातो. वस्तुस्थिती तशी नाही. पंचविशीनंतर, तिशीत व चाळिशीतही अनेकांना मुरुम येतात. त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक असते. "या वयात हे काय?" असे कोणी विचारले की माणूस खजील होतो आणि डॉक्टरांकडे न जाता औषधाच्या दुकानात जातो. खरे नुकसान तेथून सुरू होते.

आम्ही स्वतः या वाटेने गेलो आहोत. वयाच्या एकतिसाव्या वर्षी आमच्या गालांवर व हनुवटीवर मुरुम उठू लागले. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय एक ट्यूब दिली. चार दिवसांत चेहरा स्वच्छ झाला, रंगही उजळल्यासारखा वाटला. साहजिकच ती ट्यूब घरात कायमची झाली. वर्षभराने मात्र उन्हात गेले की चेहऱ्याची आग होऊ लागली, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या आणि मलम दोन दिवस थांबविले की पूर्वीपेक्षा जास्त मुरुम येऊ लागले. अखेर आम्ही सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. तेथील डॉक्टरांनी ट्यूबवरील बारीक अक्षरे आम्हालाच वाचावयास लावली. त्या मलमात स्टेरॉइड होते.

स्टेरॉइड सूज व लाली दाबून टाकते, म्हणून प्रारंभी गुण आल्यासारखे वाटते. मुरुमांचे मूळ कारण मात्र तसेच राहते. दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर केस वाढू शकतात व मुरुम उलट बळावतात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही अशा औषधांची काही नावे. विद्यार्थ्यांनी ती ध्यानात ठेवावीत व 'गोरेपणाचे' म्हणून मिळणाऱ्या ट्यूबवरही शोधावीत. केंद्र सरकारने 2018 साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. तरीही ती काउंटरवर सर्रास मिळतात. म्हणून नियमाइतकीच आपली सावधगिरीही महत्त्वाची आहे.

मुरुम कसे होतात?

आपल्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. अँड्रोजन या संप्रेरकांच्या प्रभावाने त्या जास्त तेल सोडतात. केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजते, तेल आत साचते, त्वचेवर नेहमीच असणारे जंतू तेथे वाढतात आणि सूज येते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मुरुम अस्वच्छतेमुळे होत नाहीत. तसेच 'रक्त बिघडले' म्हणूनही होत नाहीत. दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड धुतल्यास त्वचा कोरडी पडून त्रास वाढतो. सौम्य साबणाने दोन वेळा धुणे पुरेसे आहे.

स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी हनुवटी व जबड्याच्या कडेला मुरुम वाढणे नेहमीचे आहे. मात्र त्याबरोबर पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर राठ केस येत असतील, तर बीजकोशाच्या 'पीसीओएस' या विकाराची तपासणी करून घ्यावी. स्टेरॉइडच्या गोळ्या, क्षयरोगावरील आयसोनियाझिड यांसारख्या औषधांनीही पुरळ येऊ शकते. पण म्हणून क्षयरोगाचे औषध स्वतःहून कधीही बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. केसांना चोपडलेले तेल कपाळावर उतरूनही छिद्रे बुजतात.

उपचार कोणते?

1. बेंझॉइल पेरॉक्साइड : हे जंतू कमी करते. 2.5 टक्क्यांपासून सुरुवात करावी. कपड्यांना व टॉवेलला लागल्यास रंग उडतो.

2. ॲडापलीनसारखी रेटिनॉइड मलमे : ही बुजलेली छिद्रे मोकळी करतात. रात्री, मटारच्या दाण्याएवढे मलम संपूर्ण चेहऱ्यावर पसरून लावावे. केवळ फोडावर टिपका देऊन भागत नाही. प्रारंभी त्वचा कोरडी होते, म्हणून एक दिवसाआड लावावे. गरोदरपणी वापरू नये.

3. प्रतिजैविक गोळ्या : सूज अधिक असल्यास डॉक्टर देतात. त्या साधारणपणे तीन महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत व बाहेरून लावावयाच्या औषधाबरोबरच घ्याव्यात. अन्यथा जंतूंना औषधाची सवय होते.

4. आयसोट्रेटिनॉइन : खोल व्रण पाडणाऱ्या तीव्र मुरुमांवर हे प्रभावी औषध आहे. परंतु गर्भाला त्यामुळे गंभीर व्यंग येते. म्हणून घेत असताना व नंतर किमान एक महिना गर्भधारणा होता कामा नये. मैत्रिणीची गोळी मागून घेणे कटाक्षाने टाळावे.

यांपैकी कोणत्याही उपचाराचा गुण साधारण आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो. पंधरा दिवसांत कंटाळून मलम बदलणारा रुग्ण कधीच बरा होत नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर मुरुम गेल्यावरही काळे डाग कित्येक महिने राहतात. ऊन लागल्यास ते अधिक गडद होतात, म्हणून सनस्क्रीन, टोपी किंवा छत्री वापरावी. मुरुम फोडू नयेत. लिंबाचा रस, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा हे घरगुती उपाय त्वचा भाजून काढतात. ते करू नयेत.

खर्चाची अडचण आम्हाला ठाऊक आहे. सरकारी रुग्णालयांतील तपासणी अल्प खर्चात होते. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करावी, म्हणजे जेनेरिक औषध स्वस्तात मिळू शकते.

आमचे ते मलम सुटण्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली सात महिने लागले. त्या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसत होता. समारंभांना जाणे आम्ही टाळले, फोटोच्या वेळी मागे उभे राहिलो. भेटणारा प्रत्येक जण उपाय सुचवीत असे. मात्र एका स्नेह्याने चेहऱ्याविषयी अवाक्षर न काढता नेहमीप्रमाणे चहाला बोलाविले. त्याचे मोल आम्ही विसरलो नाही. आपल्या घरात, कचेरीत अथवा वसतिगृहात असा कोणी असेल तर त्याच्या चेहऱ्यावर बोलू नये. त्याने आपण होऊन विषय काढला, तर त्वचारोग विभागाची वेळ सांगावी आणि घरातील ट्यूब सोबत नेण्यास सांगावे. आज आमच्या गालांवर काही डाग आहेत. त्यांसह आम्ही फोटोत पुढच्या रांगेत उभे राहतो.