गॅस संपत नाही, गळतो

२०१८ च्या मे महिन्यात पेणच्या आमच्या घरी दीड टनाचा एसी बसला. वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर थेट स्लॅब, आणि त्या खोलीत दम्याचा त्रास असलेल्या माझ्या सासूबाई. पहिली दोन-तीन वर्षं मशीन उत्तम चाललं. २०२१ पासून मात्र दर उन्हाळ्यात तेच. खोली गार होईना, की मेकॅनिकला फोन. तो यायचा, गेज लावायचा, "गॅस संपलाय" म्हणायचा आणि अर्ध्या तासात गॅस भरून पैसे घेऊन जायचा. तीन उन्हाळे मी पैसे मोजले. मागच्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे, हे मी एकदाही विचारलं नाही.

तिसऱ्या खेपेला गॅस जेमतेम तीन आठवडे टिकला. २०२३ चा एप्रिल होता. १६ तारखेला खारघरच्या मैदानात उष्माघाताने माणसं गेली, त्याच्या आसपासची गोष्ट. त्या दिवशी तिथलं तापमान अडतीसच्या घरात होतं. विदर्भात या आकड्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही. पण आपल्याकडे हवेत इतका ओलावा, की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. नागपूरला चालणारा पाण्याचा कूलर पेणला का चालत नाही, त्याचंही कारण हेच. त्या आठवड्यात एका रात्री एसी नुसता वारा फेकत राहिला आणि पहाटे सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या सावरल्या. पण त्या रात्रीचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती टाळता आली असती.

रोह्याला माझं माहेर. तिथे माझा एक जुना विद्यार्थी आयटीआय करून एसीची कामं करतो. दादाने त्याला पाठवलं. त्याने सिलिंडर गाडीतून उतरवलाच नाही. आधी छज्ज्याखालच्या बाहेरच्या युनिटचं झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. "बाई, हे बघा." तांब्याची नळी जिथे पितळी नटाने जोडलेली असते, तिथे रुपयाएवढा काळा, तेलकट डाग होता, वर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडंथोडं फिरत असतं. जिथून गॅस निसटतो तिथून तेही झिरपतं आणि धूळ धरून ठेवतं. त्याने साबणाचा फेस लावला. क्षणभर काही नाही, मग मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. तीन वर्षांचे माझे पैसे तिथून जात होते.

एसीतला गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, आत उष्णता उचलतो, बाहेर टाकतो. नळ्या शाबूत असतील तर आठ-दहा वर्षं त्याला हात लावावा लागत नाही. म्हणून "गॅस कमी आहे" याचा अर्थ "गळती आहे" एवढाच, आणि गळती शोधल्याशिवाय कुणालाही गॅस भरू देऊ नका.

मग त्याने मला युनिटच्या मागच्या पातळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना बोट लावायला सांगितलं. पट्टी बोटाखाली भुगा होऊन पडली, पांढरी पूड. हे खाऱ्या हवेचं काम. पेणच्या पश्चिमेला खाडी, खारेपाट, मिठागरं. वाऱ्याबरोबर येणारं मीठ पट्ट्यांवर बसतं. तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटलेले, त्यात खारट ओल आली, की आधी अॅल्युमिनियम झिजतं. पावसाळ्यात सर धुऊन नेते, पण आमचं युनिट सावली मिळावी म्हणून आम्हीच छज्ज्याखाली बसवलेलं. त्याला पाऊस कधी लागलाच नव्हता. आता महिन्यातून एकदा एमसीबी पाडून मी साध्या नळीने गोड पाण्याने ते धुते. बोअरचं मचूळ पाणी नको, आणि गाड्या धुण्याचा जोरदार फवारा तर मुळीच नको, पट्ट्या आडव्या होतात.

रोह्याला दुखणं वेगळं. दादाचं घर धाटावच्या एमआयडीसीपासून फार लांब नाही. त्याच्या एसीच्या नळ्या काळ्या पडल्या होत्या आणि आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड दोनदा गेलं. हवेत गंधकाचे किंवा आम्लाचे अंश असले तर तांबं असंच काळवंडतं. अशा ठिकाणी नवीन मशीन घेताना स्टारच्या आधी कॉइल बघा: तिच्यावर गंजरोधक लेप आहे का, आणि कॉइल व कार्ड दोन्हींची वॉरंटी किती वर्षांची. स्टार नंतर.

दादाचं मशीन आर-२२ गॅसचं, जुनं. ओझोन थराला घातक म्हणून हा गॅस जगभर बंद होत आला आहे, आपल्याकडेही १ जानेवारी २०२५ पासून त्यावर नवीन मशीन बनवायला बंदी आहे. असं मशीन गळायला लागलं तर कॉइल बदलण्यात पैसे घालू नका. आणि "त्यात दुसरा गॅस टाकून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. नव्या मशीनमधला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, जुन्या मशीनचे सुटे भाग त्याच्यासाठी बनलेले नाहीत.

माझं काम त्या मुलाने कसं केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. नळीचं तोंड नव्याने फुलवून जोड घट्ट केला. नायट्रोजन भरून रात्रभर दाब धरून ठेवला. सकाळी काटा हलला नव्हता. मग नायट्रोजन सोडून पंपाने नळ्या पूर्ण निर्वात केल्या, कारण आत राहिलेली हवा आणि ओल पुढे कॉम्प्रेसरला मारते. शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, मशीनच्या पाटीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस भरला. दाब तपासायला कुणी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, तर काम तिथेच थांबवा. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

छपराचं थोडक्यात सांगते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो आणि मशीन त्याच्याशी झुंजत बसतं. आमच्या स्लॅबवर पत्र्याची शेड होती, ती ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात गेली आणि आम्ही ती परत घातली नाही. म्हणजे एसी कमी पडायला लागला त्याच्या आदल्याच वर्षी डोक्यावरची सावली गेली होती, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आता बाजूंनी मोकळी शेड आहे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी मार्चमध्ये गच्चीला पांढरा चुना द्यावा. पावसात तो धुऊन जातो, दर वर्षी द्यावा लागतो, पण फरक तळपायाला कळतो.

कोकणात घर तापवायची वेळ येत नाही, तापवतो ते अंघोळीचं पाणी. आजीचा तांब्याचा बंब मागच्या पडवीत असायचा, तीन बाजू मोकळ्या, धूर निघून जायचा. दादाकडे गॅस गीझर बाथरूमच्या आत होता. जुलैत पाऊस आत येतो म्हणून खिडकीला प्लास्टिक बांधलेलं. भाचा अंघोळीला गेला तो बराच वेळ बाहेर येईना. हाकेला ओ नाही. दार तोडलं तेव्हा तो फरशीवर बेशुद्ध होता. कोंडलेल्या हवेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर आणून लगेच दवाखान्यात नेला म्हणून मुलगा वाचला. तुमच्या घरी गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल, तर हे वाचून झाल्यावर तो बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हलवण्याचं ठरवा. तोवर बालदी भरून घ्या, गीझर बंद करा, दार उघडून हवा जाऊ द्या आणि मगच अंघोळीला जा. इलेक्ट्रिक गीझर असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डावर वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. मेमध्ये जमीन कोरडी पडते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा.

दादाने आता नवीन एसी घेतलाय. या मार्चमध्ये शेजारच्यांकडे कुणी मेकॅनिक आला होता, खांद्यावर सिलिंडर, "गॅस संपलाय" म्हणत. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिथूनच तिने विचारलं, "भाऊ, साबणाचा फेस लावून बघितलात का? आणि वजनकाटा कुठाय?"