वाचले, पण आठवेल का?

रत्नागिरी तालुक्यातील पावसच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तुम्ही कधी लस टोचून घेतली असेल. ती टोचणाऱ्या सिस्टरनेही तुमच्यासारखाच अभ्यास केला होता. समजा, पावसच्या शाळेतील एक मुलगी बारावीनंतर परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागली. तिच्यापुढे कोणती गणिते येतील?

एका रुग्णाला ५०० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचे आहे. नळीतून २० थेंब पडले की १ मिलिलिटर होतो. एकूण थेंब १०,०००, मिनिटे ४८०. म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. वहीत हे चुकले तर गुण जातात. रुग्णालयात चुकले आणि हृदय दुबळे असलेल्या रुग्णाला सलाईन फार वेगाने गेले, तर त्याच्या फुप्फुसांत पाणी साचू शकते. अशा वेळी रीत मनात हजर हवी.

ती हजर कशी राहते? अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग पाहा. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचला आणि मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवले, दुसऱ्यांना ७५. पण आठवड्यानंतर हेच आकडे ४२ आणि ५६ झाले! पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि तो आपल्याला येतो असा भास होतो. आठवण्याचा सराव मात्र त्यात होत नाही.

अभ्यासाला मनाच्या बळाचीही जोड लागते. 'हे मला जमेल' या विश्वासाचा आल्बर्ट बांडुरा यांनी अभ्यास केला व १९७७ साली आपला सिद्धांत मांडला. हा विश्वास नुसत्या शाबासकीने फारसा वाढत नाही. तो मुख्यतः स्वतः पार पाडलेल्या कामातून येतो. आपल्यासारख्या दुसऱ्या कोणाला जमलेले पाहूनही येतो. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखवली. त्या काळी हे काम हलके मानीत. पहिल्या काही जणींनी ते पार पाडले, म्हणून मागून येणाऱ्यांना धीर आला.

आता तुम्हीच प्रयोग करा. विज्ञानाचे सारख्याच लांबीचे दोन धडे निवडा. एक दोनदा वाचा. दुसरा एकदा वाचून पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा आणि मग चुका तपासा. आठवड्याने दोन्ही धड्यांवरचे दहा-दहा प्रश्न मित्राकडून विचारून घ्या व गुण मांडा. शिक्षकांना हा प्रयोग साऱ्या वर्गावर करता येईल.

पहिल्या दिवशी थोडेच आठवले तर खचून जाऊ नका. नेमके काय येत नाही, हे परीक्षेच्या आधी कळले, हाच मोठा लाभ!